जावांचं बिनसलंय

थोरली जाऊ ज्या लग्नाला जाई, तिथे धाकटी फिरकत नसे. धाकटी गेली, की थोरलीला नेमकं काम निघे. यायच्या मात्र दोघीही झोकात; थोरली काळ्या कोटात, धाकटी तांबड्या. नातेवाईक कुजबुजू लागले, तसं सासूबाईंनी दोघींना बोलावून समोर बसवलं.

"तुमच्या भांडणापायी माझी मुलं एकमेकांना दुरावतील. काय बिनसलंय ते आत्ताच्या आत्ता सांगा."

दोघी फिसकन हसल्या. थोरलीने पिशवीतून आपला काळा कोट काढला आणि उलटा केला. आतून तांबडा!

"भांडण कसलं, आई? दोन्ही बाजूंनी घालता येतो. दोघींत मिळून एकच घेतला, पण भारीतला," थोरली म्हणाली.

"आणि उरलेले पैसे बँकेत," धाकटीने जोडलं.

"आणि मी इकडे काळजीने अर्धी झाले त्याचं काय?" सासूबाई कडाडल्या. बोलता बोलता त्यांनी कोट अंगात घातला, आरशापुढे गेल्या, मागे वळून पाठही पाहून घेतली. खांद्यात अगदी बेतून शिवल्यासारखा बसला होता.

"पुढच्या लग्नाला," बटणं लावत त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघी घर सांभाळा."