बैठक मोडेपर्यंत

रबीअच्या नव्या वहाणा आजही थोरल्या मेहुण्याच्या पायांत होत्या.

*

बखीत बासलूमचे गुडघे कधीचे धरलेले. त्या मंगळवारी तो भर बाजारातून धावला.

*

तरीम गावात हातात हात दिला म्हणजे सौदा पक्का होत नाही. हात देणारे दोघं एकमेकांना सोडून निघाले, बैठक मोडली, की होतो. तोवर कुणालाही, कारण न सांगता, मागे फिरता येतं.

*

गावाच्या टोकाला, खजुरीच्या बागांपलीकडे, मातीचं एक दुमजली घर. रबीअच्या वस्तीतून तिथवर चालत जायचं तर घामाने भिजलेला सदरा पिळून वाळत घालावा लागतो. रबीअ मुद्दाम दोनदा चालून आला होता आणि दोन्ही वेळा खुशीत परतला होता.

*

घर बखीतचं होतं. ते घ्यायला रबीअकडे तीन कारणं होती आणि तिन्ही त्याच्या बायकोचे भाऊ होते.

तिघं शेजारीच राहायचे. थोरला जेवणाच्या वेळी बरकत चिंतायला यायचा आणि बरकत पाहूनच उठायचा. मधल्याने न सांगता पाण्याचा पंप दुरुस्त केला होता, तेव्हापासून वरच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. धाकटा जेवून तिथेच आडवा व्हायचा आणि घोरायचा. माणसं वाईट नव्हती, हेच तर दुखणं. वाईट माणसाला हाकलता येतं.

बखीतला मुकल्ल्याला, समुद्राकाठी, लेकीकडे जायचं होतं. त्या आडबाजूच्या घराला तीन वर्षं गिऱ्हाईक नव्हतं. असा सौदा झट जमायला हवा, आणि तो जमलाही. मंगळवारी सकाळी बखीतच्या बैठकीत आल्याची कॉफी झाली, "विकलं" झालं, "घेतलं" झालं, हातात हात पडला.

रबीअ उठला. बखीतही उठला.

रबीअने निरोप घेतला. बखीत म्हणाला की मलाही तिकडेच जायचंय. कुठे, ते त्याला सांगता येईना.

विकणारा बरोबर उठला याचा अर्थ एकच, त्याला मागे फिरायची वाट मोकळी ठेवायची आहे.

बागांमधून दोघं खांद्याला खांदा लावून चालले. रबीअने पाऊल उचललं की बखीत कण्हत पाऊल उचलायचा. मशिदीजवळ रबीअने संडास गाठला, तर म्हाताऱ्याने दारात पाय अडकवला आणि तो आतल्या रबीअशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला. नमाजालाही तो शेजारीच, एकाच रांगेत.

नमाज संपल्यावर रबीअने मशिदीच्या शेखना हळूच विचारलं. शेख म्हणाले की पाठ फिरवून चार पावलं गेलास की बैठक मोडली. पण दोघं बरोबर चालत मक्केपर्यंत गेलात तरी बैठक तीच. शिवाय, समोरच्याला विचार बदलता येऊ नये म्हणून पळ काढणं भल्या माणसाला शोभत नाही, असंही ते म्हणाले. तोवर रबीअ वहाणा शोधायला लागला होता.

बाजाराच्या तोंडाशी त्याचा धीर सुटला.

"काका, एकदाच सांगा. मोडायचाय का सौदा?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"मग कायम केला म्हणा. सुटू द्या दोघांना."

"तू अजून विचार कर पोरा. रौदाला विचारलंस?"

"घर मी घेतोय की माझी बायको?"

"राहणार दोघं ना." बखीतने आणखी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "मला बोलायला लावू नकोस. माझी जीभ बांधलेली आहे."

म्हातारा भाव वाढवतोय, रबीअने ताडलं. त्याने आपण होऊन किंमत चढवली. बखीतचा चेहरा आणखीच पडला. रबीअने पुन्हा चढवली. बखीत कपाळ धरून मसाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसला, पण रबीअच्या सदऱ्याचं टोक त्याने सोडलं नाही.

तेवढ्यात गॅसच्या टाक्या वाहणारी मोटारसायकल वळणावर मंदावली. रबीअने हिसका दिला, सदऱ्याचं टोक बखीतच्या मुठीत राहिलं, आणि रबीअ दोन टाक्यांच्या मध्ये जाऊन बसला.

बखीत धावला. हात वर करून काहीतरी ओरडत, गुडघ्यांची पर्वा न करता, हरभऱ्याच्या टोपल्या लाथाडत धावला. रबीअने दोन्ही कानांत बोटं घातली. चार पावलं झाली, चाळीस झाली. वळण आलं, म्हातारा दिसेनासा झाला आणि बैठक मोडली. सौदा आता दगडावरची रेघ.

घरी तिघं मेहुणे परातीभोवती होते, धाकटा आडवा. फाटक्या सदऱ्यानिशी रबीअने दारातूनच जाहीर केलं की बखीत बासलूमचं घर आपण घेतलं, आता कुणी कितीही चालत आलं तरी सौदा मोडत नाही.

रौदाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मग थोरला उठला, भाताच्या हातानेच त्याने रबीअला मिठी मारली. मधल्याने डोळे पुसले. धाकटा जागा झाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच रबीअला त्यांच्याविषयी माया वाटली. बिचारे. तो मोठ्या मनाने म्हणाला की लांब आहे खरं, पण सणासुदीला येत जा.

"येऊ की," थोरला म्हणाला.

आदल्या शुक्रवारी, रबीअ ते घर बघून आल्याचं कानावर येताच, बहिणीला तिकडे एकटं पडल्यासारखं वाटू नये म्हणून, तिघा भावांनी मिळून बखीतच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर विकत घेतलं होतं, हे गुपित कुणापाशी फोडायचं नाही अशी शपथ साक्षीदाराला घातली होती, आणि साक्षीदार बखीतच होता.