वेशीचा अडसर

अरे, ऐक तर खरं! इस्राएलातल्या एका शहरात गेरा नावाचा पहारेकरी होता. चौघांना न हलणारा वेशीचा अडसर हा पठ्ठ्या एकटा उचलायचा.

एक म्हातारा संदेष्टा त्याला म्हणाला, "देव सांगतोय, तुझं बळ मातीत जाईल!"

"आधी दात सांभाळ, आजोबा!" म्हणत गेरानं त्याचं तोंड फोडलं.

आठवड्यात शत्रू मागचा तट पाडून घुसला, माणसं कापत सुटला. सगळं शहर वेशीवर आदळलं. गेरानं झटक्यात अडसर फेकला. पण दार आत उघडणारं, आणि त्याला चिकटून माणसं चेंगरत होती! कुणी मागे सरेना. आता आपलीच माणसं कापली तरच दार उघडणार.

त्यानं तलवार उपसली. समोर पहिला तोच संदेष्टा, फुटक्या तोंडाचा, गेराच्या लेकीला डोक्यावर उचलून धरलेला.

सांग, तू काय केलं असतंस?