काठीचं यंत्र

विजेचे खांब नकाशावर नोंदवायला कुठलं यंत्र घ्यायचं, हे मार्लीननं सांगायचं होतं. आठवडाभर तिनं आणि तिच्याच गाडीवरच्या ओरेस्तनं कॅनडातल्या सस्कॅचवानच्या बर्फात दोन यंत्रं वापरून पाहिली होती. एक तळहातात मावणारं. दुसरं जास्त अचूक, पण त्याची उंच काठी एकानं खांबापाशी रोवून धरायची आणि दुसऱ्यानं नोंद करायची. काठी मीच धरणार, हा ओरेस्तचा हट्ट. काठी छान रोवली जायची, पण पेन्शनला वर्ष उरलेला तो माणूस संध्याकाळी गुडघा दाबत गाडीत चढायचा आणि म्हणायचा, "ऑफिसात बोलू नकोस हं."

"काठीचं यंत्र बर्फात रोवता येत नाही," मार्लीन साहेबाला म्हणाली. "हातातलंच घ्या, डग."

डगनं ते अहवालात लिहून घेतलं. "बरं झालं. हे एकट्याला चालवता येतं. एप्रिलपासून गाडीत एकच माणूस. तू राहशील."

मार्लीन घाईनं म्हणाली, "तसं नाही... काठीचंही चालेल तसं."

"अगं, आत्ताच रोवता येत नाही म्हणालीस ना? वर काय कळवू, आमची बाई खोटे अहवाल देते?" डग दारात उभ्या असलेल्या ओरेस्तकडे वळला. "तू सांग बाबा. काठी रोवता येते की नाही?"

ओरेस्तनं मार्लीनकडे पाहिलंच नाही.

"छे," तो म्हणाला. "आठवडाभरात एकदाही नाही रोवली गेली."