खिडकीतली जागा

विल्मरने अर्ज टेबलावर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर जॅमची बाटली ठेवली. "वाचायची गरज नाही, आई. नुसतं भरून सही कर."

कोहो सॅमन मासे आयसी स्ट्रेटच्या सामुद्रधुनीत शिरल्याची वार्ता सकाळीच हूना गावभर झाली होती. विल्मरच्या आईच्या, युनिसआजींच्या, स्वयंपाकघरात त्यामुळे सभा भरली होती. शनिवारी निघायचे, हे ठरलेलेच होते. अठरा फुटी होडी, चार माणसे, दोन दिवस. आमिषाला हेरिंग मासे किती घ्यायचे यावर विल्मरचा त्याच्या बायकोशी, लॉर्नाशी, वाद होऊन मिटला होता. लॉर्नाने सुकवलेले हॅलिबट मासे, कडक बिस्किटे आणि सीलच्या तेलाची बरणी बाजूला काढली होती. त्या तेलावाचून या घरचे कोणी पाण्यावर गेल्याचे कोणाला आठवत नव्हते. डेलिया ही त्यांची मुलगी. तिचा नवरा ब्रेंट पहिल्यांदाच सासुरवाडीच्या होडीत बसणार होता. होडीत कॉफीचे यंत्र चालेल का, असे त्याने सिएटलच्या सभ्यपणाने विचारले. लॉर्नाने जावयाला तितक्याच सभ्यपणाने सांगितले, की चालेल, फक्त तार घरापर्यंत लांब हवी. त्यावर सगळे मनसोक्त हसले. ब्रेंटही हसला, आणि त्यामुळे तो सर्वांना बरा वाटला.

मग जागा मोजल्या गेल्या. सुकाणूपाशी विल्मर, शेजारी लॉर्ना, मागे डेलिया आणि ब्रेंट. पाचवी जागा होडीत नव्हती, आणि ती कोणी मोजलीही नाही.

युनिसआजी टेबलाच्या टोकाशी बसून आपल्या गळाच्या रिळाला तेल देत होत्या. वय पंच्याऐंशी. सातव्या वर्षी त्या पहिल्यांदा वडिलांबरोबर गेल्या होत्या. त्यानंतर एकही उन्हाळा चुकला नव्हता; नवरा गेला त्या वर्षीसुद्धा नाही. गेल्या साली धक्क्यावरून होडीकडे उतरणाऱ्या, पाण्याबरोबर खालीवर होणाऱ्या पुलावर त्यांचा पाय घसरला होता. त्या पडल्या नव्हत्या. घरातल्या बोलण्यात मात्र त्या आता पडल्या होत्या, आणि हिवाळ्यापासून तर थोडक्यात बचावल्याही होत्या.

विल्मरने अर्जाची माहिती फार गोडीने सांगितली. पासष्ट पूर्ण झालेल्यांसाठी ही सोय होती. त्यांच्या नावचे मासे दुसऱ्या कोणी धरले तरी चालत. वरच्या खान्यात ज्याच्यासाठी धरायचे त्याचे नाव आणि जन्मतारीख, खालच्या खान्यात धरणाऱ्याचे. म्हाताऱ्या माणसाने पाण्यावर जायचे नाही, एवढीच अट. दिवसाचे सहा मासे घरपोच.

"तू आपली खिडकीत बस दुर्बीण घेऊन," तो म्हणाला. "तुझे सहा मी धरतो. साफ करून आणतो, मग तर झालं?"

युनिसआजींना असे खिडकीत बसलेले लोक ठाऊक होते. गावात अशा चौघी होत्या. पहिल्या वर्षी त्यांना कारण सांगण्यात आले होते. दुसऱ्या वर्षी नुसता अर्ज आला होता. मासे त्यांच्याकडे वेळेवर पोहोचत. शनिवारी कुठे जायचे, हे विचारायला मात्र त्यांच्याकडे कोणी येत नसे.

किती वाजता निघणार, असे त्यांनी विचारले. सहाला, असे उत्तर आले. भरतीओहोटीचे कोष्टक भिंतीवर होते. त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. सहाला पाणी पार उतरलेले असेल आणि पूल शिडीसारखा उभा होईल, असे त्यांनी सांगितले. अकराला निघावे, तेव्हा पाणी चढलेले असते आणि पुलावरून बाबागाडीसुद्धा नेता येते. शिडी असो की पूल, आम्हा चौघांना काय फरक पडतो, असे विल्मर म्हणाला. लॉर्नाने त्याच्याकडे पाहिले. त्याने बिस्किटांकडे पाहिले.

"पेन दे," युनिसआजी म्हणाल्या.

त्यांनी चष्मा लावला, जॅमची बाटली बाजूला केली आणि लिहू लागल्या. शाळेत छडीच्या धाकाने वळवलेले गोल, ठसठशीत अक्षर होते ते. त्याला वेळ लागे. तेवढ्यात इकडे बर्फाच्या पेट्या दोन की तीन, हा वाद सुरू झाला. विल्मर मोठ्या आवाजात बोलत होता. अवघड काम सोपे झाले, की माणूस तसा बोलतो.

अर्ज टेबलावरून सरकत त्याच्यापुढे आला. त्याने वाचला आणि तो हसला. असे हसू लोक लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवतात.

"आई, खाने उलटे भरलेस गं. वर माझं नाव घातलंस, खाली तुझं."

असू दे, दुसरा अर्ज आणता येईल, असे लॉर्ना समजुतीने म्हणाली. डेलियाने वाकून कागद पाहिला. वरच्या खान्यातल्या जन्मतारखेपाशी ती थांबली, मनाशी काही हिशेब केला आणि तोंडावर हात धरला.

युनिसआजींनी पेनाला टोपण लावले आणि ते लेकापुढे ठेवले.

"बरोबर भरलेत. एप्रिलच्या चौदा तारखेला तू पासष्टचा झालास. तू जन्मलास तेव्हा मी तिथे होते, त्यामुळे तारीख चुकायची नाही. सही कर, बाळा. तुझे सहा मी धरून आणते."