चिमणीचा पूल
चिमणी बोलताना अडखळायची, म्हणून हुशार मुलांच्या खास वर्गाच्या चाचणीत तोंडी प्रश्नांना ती गप्पच राहिली. आता एवढ्या कमी गुणांवर अर्ज कसला करायचा? बेकरीवाल्या बाबांचं तोंड एवढंसं झालं. पण चाचणी घेणाऱ्या बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि त्यांनी लाकडी ठोकळे ओतून पुलाचं एक चित्र समोर ठेवलं. “बोलू नकोस, बाळा. नुसतं करून दाखव.” चिमणीने चित्रातला पूल बघता बघता उभारला, मग चित्रात नसलेला दुसराही. हाच निकाल अर्जाला जोडून बाई वरिष्ठांशी भांडल्या, तेव्हा कुठे तिला प्रवेश मिळाला. बाबा चिमणीला घेऊन आभार मानायला गेले आणि बोलायला लागले. तेवढ्यात चिमणी म्हणाली, “बाई, तु... तु...” एरवी तिचं वाक्य बाबाच घाईघाईने पुरं करायचे. आज त्यांनी ओठ घट्ट मिटले. बाईही थांबल्या. चिमणीने सावकाश वाक्याचं टोक गाठलं, “तुम्ही मला खूप आवडता!”