दयारामाचा रबरी कोट

शिकारीत रानडुकराला ज्याचा बार आधी लागेल, मागची तंगडी त्याची, हा गावचा रिवाज. गेल्या खेपेला बार लागला चांगदेवाचा, पण दयारामाने रेटून खोटं बोलून तंगडी आपल्या घरी नेली.

यंदा शिकारीत भिजायचं नाही म्हणून दयारामाने पावसाळ्यासाठी आगबोट बंद व्हायच्या आत मुंबई गाठली. दुकानातल्या एकेका कोटावर तांब्याने पाणी ओतून पाहिलं आणि जाडजूड, काळाकुळकुळीत रबरी कोट आणला. भर पावसात स्वारी तो घालून करवंदीच्या जाळीत ओणवी बसली. पलीकडून चांगदेवाला झुडपात हलणारी काळी पाठ दिसली.

त्याने बार काढला. छर्रे दयारामाच्या मांडीत घुसले. पाणी मात्र थेंबभरही आत गेलं नव्हतं.



झोळीत घालून नेताना चांगदेव कानाशी वाकला, "दयाराम, आता तरी कबूल कर. मागची तंगडी माझी हाय का न्हाय?"