पूर्वपक्ष

“बाई, आठवड्यात वीस पानं वाचून होत नाहीत आणि तुम्हाला पीएच.डी. करायचीय?” तिचे मार्गदर्शक डॉ. धारवाडकर यांनी सगळ्यांसमोर विचारलं. बाकीचे संशोधक हसले. सुमित्रा गवंडे, चौथीच्या वर्गाची सत्तेचाळीस वर्षांची शिक्षिका, मान खाली घालून बसली.

पाटबंधाऱ्यांच्या इतिहासावरचं ते जाड इंग्रजी पुस्तक ती हळूहळू वाचत होती. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीनं लिहायची: इथे लेखक विरोधकांचं म्हणणं सांगतो, इथे पुरावा देतो, इथे ते खोडून काढतो. असं केलं की पुस्तक उलगडायचं. एका संध्याकाळी मात्र ती थबकली. ‘गावकऱ्यांना पाण्याचं नियोजन कळत नव्हतं,’ हे वाक्य सरांनी स्वतःच्या गाजलेल्या ग्रंथात या लेखकाचं मत म्हणून छापलं होतं. मुळात ते गोऱ्या अधिकाऱ्यांचं मत होतं, आणि लेखकानं पुढच्याच पानावर त्याच्या चिंध्या केल्या होत्या.

पुढच्या बैठकीत तिनं पुस्तक सरांपुढे ठेवलं. “सर, हा पूर्वपक्ष आहे, खोडण्याआधी मांडलेलं विरोधकांचं म्हणणं. लेखकाचं उत्तर पान उलटल्यावर येतं.”

सरांनी पान उलटलं नाही. “चौथीला शिकवणाऱ्या बाई आता मला शिकवणार?”

वर्षभर या माणसासमोर तिची मान खाली जायची. आज ती गेली नाही. तिनं पुस्तक उचललं, कार्यालयात जाऊन मार्गदर्शक बदलण्याचा अर्ज मागितला आणि कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मार्गदर्शकांना वाचता येत नाही.’